पाखरांची आई

आमच्या कळंबला विमानतळ नाही. चिंतामणीचं मंदिर आहे, जमिनीच्या खाली पायऱ्या उतरून दर्शनाला जावं लागतं असं. यवतमाळ-नागपूर रस्ता आहे, त्यावर दिवसभर धावणाऱ्या एसटी गाड्या आहेत. पण विमान म्हणाल तर ते आमच्या डोक्यावरून जातं, तेही इतक्या उंचावरून की आवाज मागाहून येतो. हिवाळ्यातल्या स्वच्छ सकाळी निळ्या आभाळात पांढरी रेघ ओढत ते निघून जातं, आणि कापूस वेचणाऱ्या बाया क्षणभर कमरेवर हात ठेवून वर बघतात.

मी इथं शाळेत पुष्कळ वर्षं शिकवलं. आभाळात अशी रेघ उमटली की फळ्याकडे लागलेली चाळीस डोकी एकदम खिडकीकडे वळायची. आता मुलांना ओरडावं, तर माझंही डोकं त्याच बाजूला वळलेलं असायचं! एकदा अशाच वेळी वर्गात चर्चा रंगली. विमानात माणसं किती असतील, ती काय खात असतील, चालवणाऱ्याला पगार किती मिळत असेल. मागच्या बाकावरची एक मुलगी एरवी कधी तोंड उघडत नसे. ती म्हणाली,

"सर, त्या पायलटले कोणं शिकवलं असन?"

मी म्हटलं, "असेल कुणीतरी त्याचाही मास्तर."

"मंग तो मास्तर कुठं असन आता?"

मी काही बोलायच्या आत एक पोट्टा ओरडला, "खालीच असन नं! आपल्या सरांवानी!"

वर्ग खदखदून हसला. मीही हसलो. पण बघा हं, काही वाक्यं खडूच्या भुकटीसारखी असतात. हात झटकले तरी बोटांना थोडी राहतातच. शिकलेली पोरं नागपूरला जातात, पुण्याला जातात, साता समुद्रापलीकडेही जातात. मास्तर तिथंच, त्याच फळ्यापुढे. मग विमानाच्या मास्तराचं काय होत असेल? त्याला तर स्वतःला उडता येतं. तो कशाला खाली राहील?

त्या प्रश्नापायी मी मिळेल ते वाचत गेलो आणि वाचता वाचता मला एक आजी भेटली. भेटली म्हणजे कागदावर हं! ती राहायची अमेरिकेत, आणि २०१२ साली ती वारली. आज तिचीच गोष्ट सांगायची आहे. पण त्याआधी विमान शिकवतात कसं, ते थोडं सांगतो. नाहीतर या आजीनं आयुष्यभर नेमकं काय केलं हे नीट कळायचं नाही.

तुमच्यापैकी बहुतेकांना सायकल येत असेल. आमच्या लहानपणी छोट्या सायकली नव्हत्या. तासाच्या भाड्यानं मोठ्या माणसांची सायकल आणायची, दांडीखालून पाय घालायचा आणि कैची मारत शिकायचं. माझा मोठा भाऊ मागं कॅरिअर धरून पळायचा. "दादा, सोडू नको हं!" "नाही सोडत रे, तू समोर बघ!" असं म्हणता म्हणता त्यानं केव्हाच सोडलेलं असायचं. त्याचा आवाज लांबून येतोय हे कानाला कळलं की मग हँडल लटपटायचं. जगातल्या सगळ्या दादांची सायकल शिकवायची रीत एकच, न सांगता सोडून द्यायचं.

विमानात ही युक्ती चालत नाही. शिकवणारा मागं पळत नसतो, तो विमानातच बसलेला असतो. त्याला सोडायचं म्हणजे विमान जमिनीवर उतरवून, थांबवून, दार उघडून, विद्यार्थ्याच्या डोळ्यांदेखत खाली उतरावं लागतं. फसवाफसवीला जागाच नाही.

शिकाऊ विमानात सगळ्या गोष्टी दोन-दोन असतात. हातात धरायचा दांडा दोन, पायांनी दाबायच्या पेडलांच्या जोड्या दोन. आणि गंमत म्हणजे त्या एकमेकींना जोडलेल्या असतात. विद्यार्थ्यानं दांडा ओढला की मास्तरापुढचा दांडाही तेवढाच मागं येतो. म्हणजे मास्तरानं आभाळाकडे बघत नुसती बोटं टेकवून ठेवली तरी पोरगं घाबरलंय की शांत आहे, हे त्याच्या बोटांना समजतं. वहीतल्या अक्षरावरून आम्हाला समजतं ना, तसंच.

पण दोघांच्याही हातात विमान असलं की एक धोका असतो. क्रिकेटमध्ये उंच झेल उडतो, दोन खेळाडू पळत येतात, 'तू घे' म्हणून दोघंही थांबतात आणि चेंडू मधोमध पडतो. हवेत असं झालं तर? म्हणून विमानात बोलूनच ताबा द्यायचा आणि बोलूनच घ्यायचा. मास्तर म्हणतो, "यू हॅव कंट्रोल," म्हणजे आता विमान तुझ्याकडे. विद्यार्थ्यानं उलट म्हणायचं, "आय हॅव कंट्रोल," घेतलं माझ्याकडे. हे ऐकू आल्याशिवाय मास्तर दांडा सोडत नाही. घरातलं मूल सांभाळायला देताना आपली आई म्हणते ना, "धरलंस का? नीट धरलंस?" तसं.

मग धडे सुरू होतात. पहिला धडा सरळ जाण्याचा. वळणं, चढणं, उतरणं त्याच्यानंतर. आणि मग येतो तो स्टॉलचा धडा. विमान वर राहतं ते पंखांवरून नीट वाहणाऱ्या हवेच्या जोरावर. नाक गरजेपेक्षा जास्त वर उचललं की ती हवा पंखाला धरून वाहायची थांबते, पंख थरथरतो, आणि विमान खाली झुकून पडायला लागतं. पडायला लागल्यावर कुणालाही वाटणार की दांडा ओढून नाक वर घ्यावं. नेमकं तेच करायचं नसतं! अशा वेळी दांडा पुढं लोटून नाक आणखी खाली घालायचं, म्हणजे वेग वाढतो, हवा पुन्हा पंखाला धरते आणि विमान सावरतं. मनाच्या विरुद्ध हात चालवायचा. हे फळ्यावर लिहून शिकवता येत नाही. म्हणून मास्तर विद्यार्थ्याला भरपूर उंचावर नेतो आणि मुद्दाम विमान पाडून दाखवतो, मग त्याच्याकडून पाडून घेतो, पुन्हा पुन्हा, भीती मोडेपर्यंत.

ही पद्धत काही पहिल्यापासून नव्हती बरं का. पहिल्या महायुद्धाच्या सुरुवातीला शिकवणारे स्वतःच विमान चालवायचे, विद्यार्थी बघत बसायचा, आणि धोक्याचं काही शिकवायचं म्हणजे नकोच. पोरं एकटी उडाली की धोका आपला हजर! १९१७ साली इंग्लंडमध्ये गॉस्पोर्ट इथं रॉबर्ट स्मिथ-बॅरी नावाच्या अधिकाऱ्यानं हे उलटं केलं. जे धोक्याचं तेच आधी शिकवा, मास्तर सोबत असताना शिकवा, असं त्याचं म्हणणं. इंजिनाच्या गोंगाटात बोलणं ऐकू यावं म्हणून त्यानं मास्तराच्या तोंडापासून विद्यार्थ्याच्या कानापर्यंत रबरी नळी टाकली. आजही जगभर विमान शिकवतात ते साधारण त्याच वाटेनं.

सगळ्यात अवघड धडा उतरण्याचा. जमीन वर येतेय, वेग कमी होतोय, शेवटच्या काही फुटांवर नाक हळूच उचलून चाकं टेकवायची. लवकर उचललं तर विमान वरून आपटतं, उशीर झाला तर नाकावर येतं. आणि त्या क्षणी मास्तर काय करत असतो? दोन्ही हात आपल्या गुडघ्यांवर ठेवून गप्प बसलेला असतो. विद्यार्थी चुकतोय हे त्याला कधीचं कळलेलं असतं. पण लगेच दांडा घेतला तर पोरगं शिकणार नाही, आणि घ्यायला उशीर केला तर दोघांचीही खैर नाही. किती वेळ गप्प बसायचं, एवढंच त्याला ठरवायचं असतं. फळ्याजवळ उभं राहून गणित चुकवणारं पोर बघताना आमचीही जीभ शिवशिवते. फरक एवढाच की आमचा फळा जमिनीवर आपटत नाही!

आणि मग एक दिवस, बहुतेक वेळा काही पूर्वसूचना न देता, मास्तर विमान थांबवायला सांगतो, पट्टा सोडतो आणि म्हणतो, "आता एक फेरी तू एकटा मारून ये." याला म्हणतात सोलो. विमान एका माणसाच्या वजनानं हलकं झालेलं असतं, त्यामुळे ते नेहमीपेक्षा लवकर जमीन सोडतं. शेजारची जागा रिकामी. फेरी असते पाच-सात मिनिटांची. वर गेलेल्याला त्या मिनिटांत भीती वाटायला फुरसत नसते. खाली गवतात उभ्या असलेल्याला मात्र भरपूर असते!

अमेरिकेत सोलो करून आलेल्याच्या सदऱ्याचं मागचं टोक कापून भिंतीवर लावायची मजेदार चाल आहे. जुन्या विमानांत मास्तर मागच्या जागेवर बसायचा, बोललेलं ऐकू जायचं नाही, मग तो पुढच्याचा सदरा ओढून खुणा करायचा असं सांगतात. सोलो झाला, आता ओढायला कुणी नाही, तेव्हा टोक कापा!

आता आपल्या मुलखाकडे या. नागपूरचा फ्लाइंग क्लब १९४७ साली सुरू झाला. नागपूर देशाच्या मध्यावर, म्हणून १९४९ पासून रात्रीची टपाल विमानं तिथं जमायची. मुंबई, दिल्ली, कलकत्ता आणि मद्रास अशा चार दिशांकडून विमानं निघायची, मध्यरात्रीनंतर सोनेगावच्या धावपट्टीवर एकत्र यायची, टपालाच्या पिशव्यांची अदलाबदल करून उजाडेपर्यंत परत जायची. बरीच वर्षं हे चाललं. त्या वैमानिकांचं कौतुक व्हायचं आणि व्हायलाच हवं. पण अंधारात विमान उतरवायला त्यांना शिकवणारे कोण होते, ही नावं वर्तमानपत्रात कोण छापणार?

एका मराठी माणसाचं नाव मात्र मी तुम्हाला सांगणारच. डॉ. विष्णू माधव घाटगे. कोल्हापूरकडचे. ते वैमानिक नव्हते, विमानं रचणारे होते. जर्मनीत लुडविग प्रांटल या थोर शास्त्रज्ञाच्या हाताखाली त्यांनी डॉक्टरेट मिळवली, बंगलोरच्या विज्ञान संस्थेत विमानशास्त्र शिकवलं, आणि मग तिथल्याच हिंदुस्थान एअरक्राफ्टच्या कारखान्यात विमान बनवायला घेतलं. स्वतंत्र भारताचं हे स्वतःच्या रचनेचं पहिलं विमान कसलं होतं ठाऊक आहे? लढाऊ नाही, प्रवासी नाही. शिकाऊ! एचटी-२ हे त्याचं नाव. एकामागे एक दोन जागा, एक विद्यार्थ्याची, एक मास्तराची. १९५१ च्या ऑगस्टमध्ये ते पहिल्यांदा उडालं आणि पुढं तीस वर्षांहून जास्त काळ हवाई दलाची पोरं त्यावर बाराखडी गिरवत राहिली. फ्लाइंग क्लबांसाठी बनवलेलं दोन जागांचं 'पुष्पक' हेही घाटगे यांच्याच काळातलं, १९५८ सालचं. मास्तर माणसानं विमान बनवायला घेतलं की तो आधी मास्तराची जागा बनवतो, असं मला आपलं वाटतं.

बरं, आता आजीकडे. ज्या १९४७ साली नागपूरला क्लब सुरू झाला, त्याच साली अमेरिकेत टेनेसी राज्यात एका बाईंना विमान शिकवण्याचा परवाना मिळाला. त्यांचं नाव एव्हलिन. जन्म ४ नोव्हेंबर १९०९, केंटकी राज्यातल्या कॉर्बिन गावचा. मोठ्या झाल्यावर काही दिवस त्यांनी शाळेत शिकवलं (हे वाचल्यावर मला किती बरं वाटलं म्हणून सांगू!), मग लग्न झालं आणि नवराबायकोनं जेफरसन सिटी नावाच्या छोट्या गावात कपडे धुण्याचं दुकान टाकलं. दुसरं महायुद्ध आलं, नवरा सैन्यात गेला, दुकान एकट्या एव्हलिनबाई चालवू लागल्या. दिवसभर लोकांचे कपडे. एके दिवशी वर्तमानपत्रात जाहिरात दिसली, विमान चालवायला शिका! बाईंनी ठरवलं, शिकायचं.

तो दिवस होता १ ऑक्टोबर १९४४, रविवार. विमानतळ नॉक्सव्हिल शहराजवळ, नदीतल्या एका बेटावर. बाई आधी आगगाडीत बसल्या, मग बसमध्ये, मग थोडं चालल्या आणि शेवटी नावेतून वल्ही मारत पलीकडे गेल्या. तेव्हा कुठं विमानाला हात लागला! कळंबहून नागपूरला कॉलेजात जाणाऱ्या पोरांना एसटी चुकण्याचं केवढं दुःख असतं ते मी पाहिलंय. त्यांना मी हा प्रवास मुद्दाम सांगतो.

बाईंचं वय तेव्हा चौतीस. पुढच्या महिन्यात पस्तिसावा वाढदिवस झाला आणि त्यानंतर चारच दिवसांनी, ८ नोव्हेंबरला, त्यांचा मास्तर विमानातून खाली उतरला. बाई एकट्या उडाल्या आणि एकट्या उतरल्या. १९४५ मध्ये खाजगी परवाना, १९४६ मध्ये व्यावसायिक, आणि १९४७ मध्ये शिकवण्याचा. इतक्या भराभर! त्यांना दुसरं काही करता आलं नसतं असं नाही. पुढं त्यांनी विमानं विकली, बायकांच्या विमान-शर्यतींत भाग घेतला. पण मुख्य धंदा शिकवण्याचा, तो त्यांनी साठेक वर्षं सोडला नाही.

१९५३ पासून त्या मॉरिसटाऊन गावाच्या छोट्या विमानतळाच्या व्यवस्थापक झाल्या. आपल्याकडच्या तालुक्याच्या बसस्थानकाएवढी त्याची ऐट समजा. तिथं शेतकऱ्यांची पोरं यायची, दुकानदार यायचे, डॉक्टर यायचे. पुढं अमेरिकेच्या सिनेटमध्ये मोठे पुढारी झालेले हॉवर्ड बेकर हेही त्यांचे विद्यार्थी. सुमारे पाच हजार जणांना त्यांनी शिकवलं. लोकांनी त्यांना नाव दिलं होतं 'मामा बर्ड'. आपण म्हणू पाखरांची आई. घराच्या आढ्यावर चिमणीचं घरटं तुम्ही पाहिलं असेल. पिल्लू काठावर येऊन अडून बसतं तेव्हा चिमणी चोचीत दाणा धरून समोरच्या तारेवर जाऊन बसते आणि तिथून ओरडत राहते. जवळ येत नाही. त्या नावात मला ती चिमणी दिसते.

शिकवण्याखेरीज आणखी एक काम त्यांच्याकडे होतं, परीक्षा घेण्याचं. विमानाचा परवाना मिळण्याआधी परीक्षक विद्यार्थ्यासोबत बसतो आणि त्याला सगळं करून दाखवायला लावतो. अशा नऊ हजारांवर परीक्षा त्यांनी घेतल्या. यात गंमत कमी आणि जोखीम जास्त. आमच्याकडे एखादं पोरगं दोन गुणांनी अडलं तर आम्ही त्याला ग्रेस मार्क देऊन काठावर पास करतो. तिथं ग्रेस मार्क नाहीत. दयेनं पास केलेला पोरगा उद्या आपल्या बहिणीला, शेजाऱ्याच्या लेकराला घेऊन उडणार असतो. म्हणून समोर रडवेला चेहरा असला तरी "अजून नाही झालं, पुन्हा ये" असं म्हणावंच लागतं. पाखरांच्या आईला हेही करावं लागे, हे त्या गोड नावामुळे विसरायला होतं.

धाडसाची गोष्ट हवी असेल तर तीही आहे. १९५८ साली त्यांच्या विमानतळावर उड्डाण करतानाच एक हेलिकॉप्टर कोसळलं. आत माणूस अडकलेला. इंजिन चालूच, कधी भडका उडेल सांगता येत नव्हतं. एव्हलिनबाई धावत गेल्या, इंजिन बंद केलं, आग विझवायचं नळकांडं आणून फवारलं. माणूस वाचला. या धैर्याबद्दल त्यांना कार्नेगी पदक मिळालं. स्वतःच्या विमानाचं इंजिन हवेत दोनदा बंद पडलं, एकदा आगही लागली. पण त्यांनी विमान कधी आपटू दिलं नाही.

आता आकड्यांकडे या, कारण आकडे ऐकून तुमचे डोळे विस्फारणार आहेत. प्रत्येक वैमानिक एक वही ठेवतो, लॉगबुक. किती वेळ उडालो याची त्यात नोंद. एव्हलिनबाईंच्या वहीची बेरीज होती ५७,६३५.४ तास. करा बघू भागाकार! दिवसाला चोवीस तास धरले तर दोन हजार चारशे एक दिवस. म्हणजे रात्रंदिवस, जेवायला-झोपायला खाली न उतरता, साडेसहा वर्षं हवेत! जगातल्या कुठल्याही बाईनं इतका वेळ विमान उडवलेलं नाही. पुरुषांत त्यांच्या पुढं होता तो अलाबामा राज्यातला एड लाँग. त्याचे पासष्ट हजारांवर तास, आणि तेही विजेच्या तारांवरून खालून खालून उडत, तारा तपासण्यात गेलेले. दोघांच्याही कामाला बाहेरून बघणारा 'रोज तेच तेच' म्हणेल.

खरंच, बाईंनी जवळजवळ ५५ लाख मैल अंतर कापलं असा हिशेब सांगतात. चंद्रावर अकरा वेळा जाऊन परत येण्याइतकं! पण त्यातले कितीतरी मैल एकाच धावपट्टीभोवती गोल गोल. उडा, डावीकडे वळा, पुन्हा वळा, उतरा. पुन्हा उडा. पूर्वी खळ्यावर बैलांची पात फिरायची तशी. नवा विद्यार्थी आला की पुन्हा पहिल्या धड्यापासून. तेच शेत, तीच टेकडी, तोच रस्ता खाली. बाजूच्या जागेवरचं माणूस तेवढं बदलायचं. पहिला एकटा उडायला लागला की त्याची जागा दुसरा घ्यायचा. लांबच्या देशांना विमानं नेणारे त्यांचे विद्यार्थी झाले असतील. त्यांची वही भरली ती मॉरिसटाऊनच्या वर.

मला राहून राहून आश्चर्य वाटतं ते निराळ्याच गोष्टीचं. इतके हजार तास उडूनही, एखाद्याच्या आयुष्यातला सगळ्यात मोठा दिवस उगवला की या बाई खाली गवतात उभ्या असायच्या. त्यांच्या विद्यार्थ्यांनी पहिली एकट्यानं फेरी मारली, त्या एकाही फेरीचा एक मिनिटसुद्धा त्यांच्या वहीत नाही. नियमच तसा आहे. जो विमानात बसलेला नाही, त्याचे तास नाहीत. ते सगळे तास त्या पाखरांच्या वह्यांत लिहिलेले आहेत. आमच्या वर्गातला तो पोट्टा "खालीच असन नं" म्हणाला, ते अगदी बरोबर होतं. आता तो मोठा झालाय, नागपूरला असतो. भेटला की मी त्याला ही वहीची गोष्ट सांगणार आहे.

त्यांचे पहिले पती १९६३ साली वारले. पुढं त्यांनी पुन्हा लग्न केलं, आणि एव्हलिन ब्रायन जॉन्सन हे त्यांचं नाव सगळीकडे झालं. दुसरे पतीही १९७७ मध्ये गेले. १९७९ साली अमेरिकेतल्या सगळ्या उड्डाण-प्रशिक्षकांतून त्या वर्षीच्या सर्वोत्तम म्हणून त्यांची निवड झाली. वय सत्तर, ऐंशी, नव्वद... शिकवणं चालूच. जगातल्या सगळ्यात वयस्कर उड्डाण-प्रशिक्षक म्हणून त्यांची नोंद झाली. नव्वदी ओलांडलेली आजी आणि शेजारी मिसरूडही न फुटलेला पोरगा, आणि मधे फक्त "आय हॅव कंट्रोल"! डोळ्यांपुढं आणा बरं हे चित्र.

पंच्याण्णवी पार केल्यावर डोळ्यांनी दगा दिला. काचबिंदू. वैमानिकाचे डोळे गेले की संपलंच. त्यातच २००६ साली मोटारीचा अपघात झाला आणि त्यांना एक पाय गमवावा लागला. विमानात नव्हे, रस्त्यावर! शहाण्णव वर्षांची बाई, एक पाय नाही, डोळ्यांना नीट दिसत नाही. घरी बसली असती तर कुणी नाव ठेवलं असतं का? पण विमानतळाच्या व्यवस्थापकाची खुर्ची त्यांनी सोडली नाही. २००७ साली अमेरिकेतल्या थोर वैमानिकांच्या यादीत, नॅशनल एव्हिएशन हॉल ऑफ फेममध्ये, त्यांचं नाव लागलं. त्या यादीत विमानाचा शोध लावणारे राइट बंधू आहेत आणि चंद्रावर उतरलेली माणसंही आहेत. १० मे २०१२ रोजी, वयाच्या एकशेदोनाव्या वर्षी, एव्हलिनबाई गेल्या.

आपल्या विदर्भात गोंदियाजवळ बिरसीला या शतकात वैमानिक घडवणारी संस्था सुरू झाली. तिथल्या धावपट्टीवरही दोन जागांची छोटी विमानं फेऱ्या मारू लागली. तुमच्यापैकी कुणी तिकडं शिकायला गेलंच, तर मला पत्र टाका. विमान कसं होतं ते नका लिहू, ते मला पुस्तकात मिळेल. ज्या दिवशी तुमचा मास्तर खाली उतरला, त्या दिवशी दार लावताना तो काय म्हणाला, तेवढं लिहा.

आणि हो, एक हिशेब राहिलाच. ५७,६३५.४ मधला तो शेवटचा चार. तासाचे दहा भाग केले की एक भाग सहा मिनिटांचा, म्हणजे चार भागांची झाली चोवीस मिनिटं. धावपट्टीभोवतीची एक फेरी सहा मिनिटांची धरली, तर चोवीस मिनिटांत चार फेऱ्या होतात. नवीन विद्यार्थ्याला उतरायला शिकवायचं असेल, तर एका सकाळी तेवढ्या बऱ्या.